सुदामदादाचा लाल टॅग

सुदामदादा गेल्याची बातमी मला फ्लेक्सवाल्यानं दिली. बातमी म्हणून नव्हे, काम म्हणून. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून घाईघाईत आवाज, "भाऊ, ओव्हाळांचा एखादा चांगला फोटो आसंल तर मेल करा. श्रद्धांजलीचा बोर्ड हाय, बाराच्या आत लावायचाय. आन् जरा शार्प करूनच पाठवा, म्हंजी उठून दिसंल." मी विचारलं, "कुठले ओव्हाळ?" तो म्हणाला, "आवो ते कंपनीतले, बिबट्याचा फोटो काढलेले. काल गेले न्हवं का... तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?" शटर तसंच ठेवून मी पायरीवर बसलो. खोटं कशाला बोलू, दुःख नंतर झालं. आधी राग आला. ज्या माणसानं दहा-बारा वर्षं माझ्या दुकानात बसून 'जास्त शार्प करू नको' एवढंच सांगितलं, तो गेल्याचं मला 'शार्प करून पाठवा' या शब्दांत कळावं!

मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'याला हात लावू नका.' अर्थात लावलाच. दुपारी शिरूरच्या स्टँडसमोर बोर्ड चढला. दादाच्या तोंडावरची एकेक सुरकुती छिन्नीनं कोरल्यासारखी, केसांच्या कडेनं पांढरी रेघ आणि टोपीची सावली एवढी काळी केलेली की डोळेच गायब. डोळे नसलेला सुदाम ओव्हाळ! आणि त्याच्या शेजारी तो बिबट्या. पेपरात आला होता तोच, जबडा उघडलेला, मिशा तारेसारख्या ताठ. त्या बोर्डाखाली उभ्या असलेल्या दोघातिघांनी मला बघून मान हलवली, "फोटो लय भारी हाय हां." याला आता महिना होऊन गेला, पण माझं डोकं अजून थंड झालेलं नाही. तेव्हा या लेखात कुणी गोडवा शोधू नये.

दादा मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत होते. हा शिकून रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागला आणि कारेगावात खोली घेऊन राहिला. मशीनवरून उतरलेला प्रत्येक तुकडा हातात घेऊन, कडा तपासून, चांगला की वाईट हे ठरवायचं, हे त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी जुना कॅमेरा गळ्यात घालून हा माळावर. कधी यवतच्या बाजूला, कधी पाबळकडं, कधी दौंडला गेला की घराच्या मागच्या माळानं. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट... शहरातले फोटोवाले मोठमोठ्या अभयारण्यांत जायचे, हा एसटीनं जायचा. वहिनी आणि पोरं दौंडलाच. वहिनी म्हणायच्या, "माझी सवत माळावर ऱ्हाती."

माझ्या स्टुडिओत तो पहिल्यांदा आला तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा पासपोर्टचे काळे-पांढरे फोटो स्वतः धुवायचो. त्यानं काळविटाची निगेटिव्ह दिली. मी काळं-पांढरं ठळक उठवणारा कडक कागद वापरून झकास प्रिंट काढली. नराची पाठ काळीकुट्ट, पोट पांढरंशुभ्र. मला वाटलं, गिऱ्हाईक खूश. हा प्रिंट घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात गेला. उन्हाकडं पाठ करून आधी हातभर अंतरावर धरली, मग मला धरायला लावून स्वतः दोन पावलं मागं सरकला आणि डोळे बारीक केले. परत येऊन त्या काळ्या पाठीवर बोट ठेवलं.

"हितं काय हाय?"

"काही नाही, पाठ आहे."

"काय न्हाई कसं? केस हायती, धूळ हाय, खांद्यावर जुन्या जखमंचा वळ हाय. मी बघितलंय ना. काळवीट काळा नसतोय मालक, आपण त्याला काळा करतो."

तेव्हापासून मी त्याचा 'मालक' झालो, आणि दर रविवारी माझी परीक्षा सुरू झाली. कोणताही फोटो असो, तो उंबऱ्यात न्यायचा आणि सगळ्यात काळ्या जागी बोट ठेवून तोच प्रश्न विचारायचा. मी 'गवत', 'दगड', 'बोराटीची जाळी' असं काही सांगू शकलो तर फोटो पास. 'काही नाही' म्हणालो की नापास. कंपनीत नापास मालाला बांधायचे लाल टॅग आणि पास मालाचे हिरवे, असे दोन गठ्ठे त्यानं माझ्या काउंटरवर आणून ठेवले होते. टॅगवर छापील रकाने: वस्तू, दोष, ऑपरेटर, तपासणी. तो खरोखर ते भरायचा आणि दोऱ्यानं प्रिंटच्या कोपऱ्याला बांधायचा. एकदा लग्नाच्या अल्बममधल्या फोटोलाही त्यानं लाल टॅग बांधला. दोष: दागिने दिसतात, नवरी दिसत नाही. ऑपरेटरच्या रकान्यात अर्थातच माझं नाव. गिऱ्हाईक हसत सुटलं आणि मी दिवसभर फणफणत होतो.

मग माझ्याकडं कॉम्प्युटर आला, निगेटिव्हचा स्कॅनर आला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. शार्प करायचं बटण दाबलं की पुसट फोटो कसा खडखडीत होतो, कॉन्ट्रास्ट ओढला की कसा डोळ्यात भरतो, याची मला नशाच चढली. दादा मागं उभा राहून बघायचा. म्हणायचा, "इळ्याला धार लावतो तसं हाय ह्ये. जरा घासलं तर कापतंय, लय घासलं तर पातंच झिजतंय." फोटो मोठा करून डोळ्याजवळचे केस बघायला लावायचा. केसाच्या कडेला पांढरी रेघ आली की मागं फिरायचं, हा त्याचा नियम. "रेघ आली म्हंजी तू जनावर दाखवीत न्हाईस, तुझी हुशारी दाखवतोयस." आणि स्क्रीनवर पाहून निकाल द्यायला त्याची सक्त मनाई. छोटी प्रिंट काढ, उंबऱ्यात ये, मग बोल. मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, कंपनीतला माणूस, याला नव्या मशीनमधलं काय कळतंय.

आता बिबट्याचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच लिहायला बसलोय.

त्या वर्षी आमच्याकडं उसात बिबट्याची मादी आली होती. शेरडं गेली, कुत्री गेली, एका खुरपणाऱ्या बाईच्या खांद्यावर पंजा बसला. लोक घाबरले होते आणि त्यांचं घाबरणं खरं होतं, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. पिंजरा लावा म्हणून गावाचा धोशा सुरू होता. अशात एका सुट्टीला, दुपार कलता कलता, दादाला ती उसाच्या कडेला दिसली. नुसती ती नाही, तिच्या पोटाखालच्या सावलीत दोन पिल्लं. उकाड्यानं ती तोंड उघडून धापा टाकत होती. यानं एकच फोटो घेतला आणि पाय न वाजवता मागं फिरला. वनरक्षक भला माणूस होता. तो म्हणाला, पिल्लं असल्याचा पुरावा द्या, मी पिंजरा थांबवतो. पिल्लं आईमागं चालण्याएवढी झाली की ती आपसूक निघून जाईल. फक्त लोकांनी पंधरा दिवस त्या शेतात जाऊ नये. लोकांपर्यंत हे लवकर पोचवायचं तर पेपर हाच मार्ग होता.

दादाला तेव्हा लागोपाठ डबल शिफ्ट होती. पहाटेच्या कंपनीच्या बसआधी तो माझ्या घरी आला. धुतलेली निगेटिव्ह दिली आणि तालुक्याच्या वार्ताहरासाठी एक बंद पाकीट दिलं. पाकिटात फोटोखाली छापायचा मजकूर होता: मादी, दोन पिल्लांसह. मला तो पिल्लांबद्दल काही बोलला नाही. पिल्लांची बातमी दुकानातून फुटली तर हौशी लोक उसात शिरतील ही त्याची भीती, आणि ती रास्त होती. एवढंच म्हणाला, "काळ्याला हात लावू नको." मी विचारलं, "देण्याआधी तू बघणार ना?" तो बसकडं धावता धावता म्हणाला, "आता तूच बघ. येवढं शिकवलंय की."

मी काय बघितलं? डोळे जळजळतात म्हणून मी मॉनिटरचा उजेड कमी करून ठेवलेला. त्यावर मादीच्या पोटाखाली नुसता काळपट चिखल दिसत होता. वार्ताहर पाकीट आणि फोटो न्यायला आले तेव्हा म्हणाले, "पेपरचा कागद शाई पितो हो, जरा कडक करून द्या." मला तेवढंच पाहिजे होतं. सावली ओढून काळी ठिक्कर केली, ऊन पांढरं केलं, वरून शार्प केलं, पुन्हा एकदा केलं. धापा टाकणारं तोंड डरकाळी फोडायला लागलं. मिशांना पांढऱ्या रेघा आल्या. त्या मला दिसल्या, आणि आवडल्या. समोरच्या चहावाल्याला हाक मारून मी तो फोटो दाखवला, तो म्हणाला, "आयला, अंगावरच येतोय की!" मी खूश. प्रिंट काढली नाही. उंबऱ्यात गेलो नाही.

संध्याकाळी वार्ताहराचा फोन आला. "दादांनी लिहिलंय, दोन पिल्लांसह. ऑफिसवाले म्हणतात फोटोत पिल्लं कुठं आहेत? तुमच्यासमोर फोटो आहे ना, दिसतात का बघा." मी स्क्रीनकडं पाहिलं. मीच काळ्या केलेल्या काळ्याकडं पाहिलं. निगेटिव्ह माझ्या डाव्या हाताशी पाकिटात होती, ट्यूबलाइटसमोर धरायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "नाही दिसत. नसतील."

नसतील! दिसत नाहीत म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. 'नसतील' हा शब्द माझ्या तोंडून का आला? मीच केलेल्या फोटोवर माझा एवढा विश्वास होता, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो चार कॉलम. त्यांनी त्यांच्याकडं आणखी एकदा कडक केला असणार. पिल्लांचा मजकूर गाळला, वर दहशतीचा मथळा. त्याच दिवशी गाव गोळा झालं, वनखात्याच्या साहेब लोकांना घेराव पडला. वनरक्षक पिल्लांबद्दल सांगायला गेला तर त्याच्यासमोर पेपर नाचवला, "ही बघा की, एकटीच हाय." दोन दिवसांत पिंजरा लागला, तिसऱ्या दिवशी मादी सापडली. ट्रकमधून तिला कुठं लांब नेऊन सोडलं. दादाला हे सगळं कँटीनमध्ये शिळ्या पेपरातून कळलं. तो रजा टाकून धावत आला तेव्हा, फोटोमुळं मादी पकडली गेली म्हणून, गावात त्याला शाल आणि नारळ द्यायची तयारी झालेली. त्यानं शाल हातात धरून चारचौघांत सांगितलं, "पिल्लं हायती आत, मला शोधू द्या." लोक म्हणाले, "दादा, आता कशाला परत भ्या दाखवताय?" तीन दिवस तो आणि वनरक्षक उसाच्या कडेनं फिरले. शेतमालकानं आत पाऊल टाकू दिलं नाही. उसाची तोड आली तेव्हा तोडणाऱ्यांना सापडली, मेलेली. दोन. मांजराएवढी.

त्या दिवशी तो दुकानात आला, हातात तो पेपर. उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, मी गेलो. त्यानं मादीच्या पोटाखालच्या शाईवर बोट ठेवलं. "हितं काय होतं?"

मी त्या शाईकडं बघत राहिलो. मग त्यानं पेपराची नीट घडी केली, निगेटिव्ह मागून घेतली आणि गेला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी हा हजर! "काय मालक, काय नवीन?" तीच खुर्ची, तोच उंबरा, तेच बोट. पेपरला त्यानं पुन्हा फोटो दिला नाही, एवढाच काय तो फरक. सहा वर्षं तो असा येत राहिला. दादा, मला तुझा राग येतो तो याचा. एक कानफटात मारली असतीस तर मी मोकळा झालो असतो. तू मारली नाहीस, आणि वार्ताहराच्या त्या फोनबद्दल तुला सांगायची माझी छाती झाली नाही. दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. तू काळ्यावर बोट ठेवायचास आणि मी म्हणायचो, गवत आहे... दगड आहे...

श्रद्धांजलीच्या सभेला ते वार्ताहर पहिल्या रांगेत. आता ते तालुक्यातलं बडं प्रस्थ आहेत. उठून म्हणाले, "दादांच्या त्या एका फोटोनं सबंध तालुका जागा केला." मागं तोच बोर्ड, तेच कोरलेलं तोंड, तीच एकटी मादी. कंपनीतले लोक डोळे पुसत होते. मी उठून सांगायला पाहिजे होतं की हा फोटो दादाचा नाही, माझा आहे. मी उठलो नाही. आधी चुकलो, मग सहा वर्षं भ्यालो, आणि तो मेल्यावरही भ्यालो. असल्या माणसाला शेळपट म्हणतात.

पंधरा दिवसांनी मंगलवहिनींचा दौंडहून फोन आला. "भावजी, त्यांची फोटोंची पेटी घिऊन जावा. हितं वाळवी लागंल." मी न्हावऱ्यावरून एसटीनं गेलो. रेल्वेलाइनच्या पलीकडं त्यांचं घर. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी दादाचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून लावलेला, मऊ, जरा पुसट, पण डोळे जिवंत. वहिनी म्हणाल्या, "दुसरा आणला व्हता लोकांनी, त्यो मीच लावू दिला न्हाई. त्यो त्यांचा न्हाई वाटत." मी पत्र्याची पेटी उघडली. एकेका प्रिंटला हिरवा टॅग. लांडगी आणि तिची पिल्लं, पास. खोकड, पास. खांद्यावर वळ असलेला काळवीट, तिसऱ्या प्रयत्नाला पास. सगळ्यात तळाशी पेपराची ती घडी, तिच्यात ती निगेटिव्ह, आणि दोऱ्यानं बांधलेला लाल टॅग.

वस्तू: बिबट्या मादी, पिल्लं दोन. दोष: सावली मारली. ऑपरेटर: सुदाम ओव्हाळ. तपासणी: केली नाही.

ऑपरेटर म्हणून त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. नवरीच्या दागिन्यांसाठी माझं नाव टाकणाऱ्या माणसानं दोन जिवांसाठी स्वतःचं नाव लिहिलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनींनी विचारलं, "काय झालं भावजी?" आणि मी सांगून टाकलं. मॉनिटर, मिशा, चहावाला, वार्ताहराचा फोन, 'नसतील'. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि ज्याला सांगायचं तो सोडून.

वहिनींनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "त्यांना म्हाईत व्हतं की. त्या वार्ताहरानंच तवा सांगितलं, म्हनला माझी चूक न्हाई, स्टुडिओवाला न्हाई म्हनला. मी म्हनलं, मग जाऊन इचारा त्याला. तर म्हनले, न्हाई, त्यो सांगंल. आज ना उद्या सांगंल. रयवारी निघताना मी इचारायचे, सांगितलं का? म्हनायचे, न्हाई आजून."

 लाइनवरून एक गाडी गेली, पेटीतल्या प्रिंट थरथरल्या. मग मी वहिनींकडं पेन मागितलं. त्या म्हणाल्या, "आता खोडून काय व्हनार?" काहीच होणार नव्हतं. तरी मी त्याचं नाव खोडलं आणि शेजारी माझं लिहिलं.

संपादकांनी या लेखासोबत पेपरातला तो फोटो मागितला होता. मी दिला नाही. निगेटिव्हवरून मी नवी प्रिंट काढली आहे, काळ्याला हात न लावता. जरा फिकी वाटते, अंगावर येत नाही. मादी दमलेली दिसते आणि तिच्या पोटाखालच्या सावलीत चार कान दिसतात. ज्याला बघायचं असेल त्यानं दुकानात यावं, मी उंबऱ्यात उभा राहून दाखवीन. वार्ताहरसाहेबांनीही यावं. लाल टॅग मॉनिटरच्या कोपऱ्याला बांधून ठेवला आहे. ऑपरेटरच्या रकान्यात माझं नाव आहे. नव्या प्रिंटसाठी मी एक हिरवा टॅगही काढला आणि तीन रकाने भरले. तपासणीचा रकाना रिकामाच आहे, तिथं सही करणारा माणूस आता रविवारी येत नाही.